बाल्कनीतल्या बाईची चौकशी

शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. कॉलेजचं सभागृह, शेवटून दुसरी रांग, भिंतीकडची खुर्ची. या खुर्चीत विमा कंपनीतले एक तपासनीस डोक्यावर टोपी आणि नाकापर्यंत मफलर अशा थाटात बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं. (वेशांतराची त्यांची कल्पना एवढीच होती.) ते पाळतीवर आले होते आणि पाळत होती पोटच्या मुलीवर.

मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्षभर ती स्टँडअप करणाऱ्या पोरांच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसली आणि मग एके दिवशी घरात आरशासमोर माइकसारखा डाव धरून स्वतःच बोलायला लागली. आज पहिली फेरी होती. बारांतून सहा जण निवडायचे, पुढच्या शनिवारी सहांतून चार. ते चौघं कॉलेजच्या संघात. तिला त्या चौघांत यायचं होतं, आणि तीन आठवड्यांपूर्वी तिच्या हाती घबाडच लागलं होतं.

झालं होतं असं. रविवारी सकाळी तपासनीस अर्धी दाढी करून, टॉवेलवर, मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पाइप बघायला गेले. पाइप गळत नाही हे त्यांना बायकोला सिद्ध करून दाखवायचं होतं. (तो गळत होता.) मागे दार लागलं, वाऱ्यानेच असणार. आत मिक्सर, टीव्ही आणि हेअर ड्रायर एका वेळी चालू, त्यामुळे हाका वाया गेल्या. मग वाऱ्याने टॉवेल खाली नेला. दोरीवर बायकोचा फुलाफुलांचा गाऊन तेवढा वाळत होता. एकशे दहा मिनिटांनी बायकोने दार उघडलं, त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तो आधी काढा. सैल होईल."

त्या संध्याकाळी त्यांनी आई, बायको आणि मुलगी अशा तिघींकडून वचन घेतलं की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही. मुलीने विनवलं, नाव घेणार नाही, इमारत सांगणार नाही, फक्त पाच मिनिटं द्या. नाही म्हणजे नाही. तिने शब्द दिला. पण शब्द देणाऱ्या माणसांचेच कागद तपासण्यात ज्याची सव्वीस वर्षं गेली, तो बाप शब्दावर कसा राहणार? म्हणून मफलर.

सातव्या नंबरला जाड चष्म्याचा एक मुलगा आला. कॉलेजात त्याला ढापण म्हणत. त्याने माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाला, "एक बाई बाल्कनीत कोंडल्या गेल्यात. बाईंना अर्धी दाढी आहे."

सभागृहात हशा फुटला. तपासनिसांच्या मफलरमध्ये घाम फुटला. पाइप, टॉवेल, गाऊन, सगळं यथासांग आलं. पुढे ढापणने खालून वर बघणाऱ्या वॉचमनचा आवाज काढला, "ताई, नवऱ्याने कोंडलं का? लाज नाही का हो त्याला?" आणि मग वरून एक बारीक, किनरा आवाज काढला, "नाही हो दादा. पहिल्यापासूनच नाही."

त्या रविवारी वॉचमनला दिलेलं हे उत्तर तपासनिसांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शेजारच्या प्राध्यापकबाई डोळे पुसत त्यांच्या खांद्यावर थापा मारत होत्या. संशय येऊ नये म्हणून तेही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

नवव्या नंबरला मुलगी आली. चेहरा पांढराफटक. तिने कँटीनच्या चहावर काहीबाही विनोद केले, प्रेक्षकांनी सौजन्य दाखवलं, आणि ती सहावी, म्हणजे शेवटची, आत गेली. ढापण पहिला.

घरी चौकशी बसली. तपासनिसांनी ऑफिसातून दाव्याचे कोरे फॉर्म आणले होते आणि तिघींना एकेक दिला. बायकोने 'नुकसानीचा तपशील' या रकान्यात 'गाऊन' एवढाच शब्द लिहून सही ठोकली. आईने फॉर्म हातातच घेतला नाही. तुला नऊ महिने पोटात वागवला तेव्हा कोणता फॉर्म भरला होता, असं म्हणून तिने टीव्हीचा आवाज वाढवला. राहिली मुलगी. गोष्ट कुणाला विकलीस, कधी विकलीस, बदल्यात काय ठरलं, हे तिला तीन वेळा तीन प्रकारे विचारण्यात आलं. (ही त्यांच्या खात्यातली पद्धत. खोटं बोलणारा तिसऱ्यांदा अडखळतो.) ती एकदाही अडखळली नाही, यावरूनच तिची तयारी किती आहे ते त्यांनी ओळखलं आणि चौकशी संपेपर्यंत स्टेज बंद, असा हुकूम काढला.

"बाबा, तो घास माझा होता," ती म्हणाली. "तुमच्यासाठी मी तोंडातून काढून ठेवला. दुसऱ्याने खाल्ला आणि चोर मी?"

ती आत निघून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. तपासनिसांना ते जास्त लागलं, पण तपास भावनेवर चालत नाही.

किनऱ्या आवाजाचा दुसरा साक्षीदार म्हणजे वॉचमन. सोमवारी ते त्याच्याकडे आडून आडून चौकशी करायला गेले. तीन आठवडे हा माणूस आपल्याला सलाम करत नाही, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडण्याआधी त्यानेच रजिस्टर मिटलं आणि विचारलं, "साहेब, त्या फुलाच्या गाऊनवाल्या ताई परत दिसल्या नाहीत. कुठे असतात?"

"माहेरी," तपासनीस म्हणाले.

"सुखरूप पोचल्या ना?"

पोचल्या, असं सांगून ते जिना चढून वर आले. लिफ्टची वाट बघत त्याच्या नजरेसमोर उभं राहणं त्यांना झेपलं नाही.

गुरुवारी त्यांनी कॉलेजच्या फाटकाशी ढापणला गाठलं. मुलगा साधा निघाला. त्याने काहीही लपवलं नाही. तो त्या बाल्कनीसमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहत होता आणि त्या रविवारी खिडकीशी अभ्यासाला बसला होता. (अभ्यास हा त्याचा शब्द.) सगळं त्याने स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं. तुमची मुलगी त्याच घरात राहते हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय, असं तो म्हणाला, आणि मग चष्मा वर सरकवून त्याने विचारलं की काका, तुम्ही त्या बाईंचे कोण?

"लांबचा नातेवाईक," तपासनीस म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि पोरीच्या आठवणीने लगेच दुसरं चढलं. तरी सवयीने त्यांनी शेवटचा प्रश्न टाकलाच. वाऱ्याने दार लागलं, तेव्हाही तू बघत होतास का?

"वाऱ्याने कुठे, काका? आतून हात आला. दार लोटलं, मग दाराच्या काचेआड वर गेला, कडी लावली. ते मी स्टेजवर घेतलं नाही. म्हटलं, कुणाच्या संसारात कशाला?"

"कुणाचा हात?"

"कोपरापर्यंतच दिसला. पण एक सांगतो, हात अजिबात घाईत नव्हता."

त्या संध्याकाळी तपासनिसांनी मुलीची माफी मागितली, हुकूम मागे घेतला आणि गोष्ट तिच्या स्वाधीन केली. शनिवारी ते पहिल्या रांगेत बसले, टोपी-मफलर न घालता. ढापणने गोष्ट बाहेरून सांगितली होती. तिने आतून सांगितली. "बाबांची पहिली हाक मिक्सरमध्ये गेली," ती म्हणाली, "दुसरी टीव्हीत गेली. तिसरी आम्हाला तिघींनाही नीट ऐकू आली. आजी म्हणाली, राहू दे गं, कधी नव्हे ते घर शांत आहे." हसणं थांबेना. परीक्षकांनी हातातले कागद खाली ठेवले. ती चौघांत आली, दुसऱ्या नंबरने.

घरी परतल्यावर तपासनिसांनी नवे फॉर्म वाटले. 'वाऱ्याने दार लागले' असं लिहिलेले सतरा दावे या गृहस्थांनी आयुष्यात फेटाळले होते, आणि स्वतःच्या घरातला अठरावा तीन आठवडे विनातक्रार मंजूर केला होता. ती कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला आहे. जुनी आहे, गंजलेली आहे. ती लावायला टाचा उंचवाव्या लागतात, मनगटात जोर लागतो, आणि मनापासून इच्छा लागते. त्या सकाळी घरात तिघी होत्या. तिन्ही फॉर्म सह्यांसकट परत आले आहेत. तिन्हींत 'कडी कोणी लावली' हा रकाना कोरा आहे.