व्हायरसचा शर्तिया इलाज

देवासमध्ये कुणाच्या कम्प्युटरला नुसती शिंक आली, तरी लोक माझं नाव घ्यायचे! दोन हजार पाच सालची गोष्ट. सयाजी द्वाराजवळ माझं दुकान आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत पाटी: ‘अंकुर कम्प्यूटर्स – वायरस का शर्तिया इलाज’. शर्तिया म्हणजे अगदी पैज लावून! शब्द मूळव्याधीच्या दवाखान्यावरून उचलला होता, पण चांगला लागू पडला होता. पार लांबच्या कन्नौदहून लोक कम्प्युटर मांडीवर घेऊन बसने यायचे!

गणपतीच्या आदल्या दिवशी भैयासाहेब आले. जुन्या दरबारी घराण्यातले. आजोबा संस्थानात कारभारी, स्वतः बँकेतून रिटायर. रिक्षातून उतरले ते शालीत गुंडाळलेला कम्प्युटर घेऊन.

“अंकुरराव, याच्यात सारखं कोणीतरी येतं.”

“कोण येतं?”

“खिडक्या उघडतात. आपलं अभिनंदन, आपल्याला बक्षीस लागलं, हे घ्याल का, ते घ्याल का. मी प्रत्येकाला ‘होय’ म्हणतो.”

“प्रत्येकाला?”

“कुणी विचारलं तर उत्तर न देणं, ही आमच्याकडे रीत नाही.”

रीत पाळता पाळता भैयासाहेबांनी जगभरचं स्पायवेअर घरात घेऊन त्याला पाट मांडला होता! मशीन चालू केलं, तर खिडकीवर खिडकी, खिडकीवर खिडकी. पडदा दिसेना.

मग त्यांचा आवाज उतरला. “महालक्ष्म्या यायच्यात. आमची ही... बकुळा गेल्यावर पहिल्याच. त्या बसवतानाची गाणी, मांडायची पद्धत, सगळं फक्त तिला यायचं. आजारपणात ती सांगत गेली, मी यात टाईप करत गेलो. सूनबाई त्यावरूनच करणार आहेत. बाकी काही गेलं तरी चालेल.”

“भैयासाहेब, एक अक्षर जाणार नाही!” मी म्हटलं. पाटीवर ‘शर्तिया’ लिहिलं होतं ना!

त्यांच्या फाइली सीडीवर काढल्या, डिस्क धुऊन काढली, विंडोज नवं घातलं, फाइली परत आणल्या. एक उघडली. आत नुसती गिचमिड! इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. आता मी काही कच्चा गडी नव्हतो. देवनागरीला फॉन्ट लागतो, हे मला ठाऊक होतं. हिंदीचा फॉन्ट लावला. तर आलं ‘क्षघढ ठझू ञळभ’! हिंदी नाही, माळवी नाही, माणसाचीच भाषा नाही!

घरी मी मराठी बोलतो. पण शाळा हिंदी, गिऱ्हाईक हिंदी. देवासात कुणी मराठीत टाईप करत असेल, आणि त्याचा फॉन्ट वेगळा असेल, हे डोक्याला शिवलंच नाही. निदान पक्कं झालं: व्हायरसनं गाणी खाल्ली!

मग लागण पसरू नये म्हणून मी सगळं पुसलं. त्यावर विंडोज पुन्हा ओतलं. सीडीचे दोन तुकडे केले. एकच फाइल फ्लॉपीवर ठेवली, लोकांना दाखवायला. वाघ मारल्यावर कातडं तरी नको का?

कम्प्युटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. सूनबाई, ईशानीवहिनी, महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसत होत्या.

“वाईट बातमी आहे,” मी म्हटलं. “व्हायरसनं काही ठेवलं नाही.”

वहिनींचा हात थांबला. “मामंजी, अब मैं क्या करूँ? मला तर एक ओळपण नाही येत.”

भैयासाहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, “तुम्ही तरी काय करणार, अंकुरराव? चहा घ्या.”

मला फार वाईट वाटलं. त्यांचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी फ्लॉपी काढली आणि ती फाइल उघडली. “असा दिसतो बघा तो!”

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. उठले. कपाटातून दुसरी एक फ्लॉपी घेऊन आले.

“पुतण्यानं पुण्याहून मराठी अक्षरं पाठवलीत. ती आधी घालावी लागतात. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बोललो नाही.”

घातली. पडद्यावरची गिचमिड सरळ झाली. स्वच्छ, शुद्ध मराठी!

“आलं! आलं!” वहिनी धावत आल्या. “अंकुरभैया, बाकीचं पण लावा ना जल्दी!”

बाकीचं कुठे गेलं, ते मी सांगितलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

वाचलेल्या फाइलीत गाणंही नव्हतं. मिक्सरच्या कंपनीला लिहिलेली तक्रार होती! भैयासाहेब मोठ्यानं वाचू लागले: “‘आपला मिक्सर पुरण वाटत नाही, नुसता ओरडतो. आम्ही पत्रामागून पत्र लिहिले, आपण उत्तर दिले नाही. कुणी विचारले तर उत्तर न देणे, ही आमच्याकडे रीत...’”

ते थांबले. “हेही तीच सांगत होती. ‘रीत’ म्हणताना तिनं टेबलावर हात आपटला होता.”

पुढे त्यांना वाचवेना.

महालक्ष्म्या बसल्या. मलाही प्रसादाला बोलावणं होतं. जायला तोंड नव्हतं, पण नाही म्हणायलाही नव्हतं. पाटा-वरवंट्यावर वाटलेल्या पुरणाचा वास घरभर होता. गाण्याची वेळ आली आणि सगळे गप्प! वहिनी खाली मान घालून उभ्या. तेवढ्यात भैयासाहेबांनी खिशातून प्रिंट काढला आणि देवीसमोर उभं राहून मिक्सरचं ते पत्र वाचलं, ‘महोदय’पासून ‘कळावे’पर्यंत, न थांबता. सगळ्यांनी हात जोडले होते. मीही जोडले. मला हसू येईल अशी भीती वाटत होती. आलं ते रडू.

दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं.

“पाटीवरचं ‘शर्तिया’ पुसून टाक.”

“और ‘इलाज’, भिया?”

“वो भी हटा, ‘का’ भी.”

“फिर बचेगा क्या, भिया? सिर्फ ‘अंकुर कम्प्यूटर्स – वायरस’?”

“हाँ,” मी म्हटलं. “उतना सही है.”