गळक्या डब्यातील वांग्याची हकीकत

कुलस्वामिनी प्रसन्न असो. प्रथम नमन मातीस, दुसरे कुंडीस, आणि तिसरे कुंडीच्या बुडच्या भोकास, की ज्यावाचून मुळ्या कुजतात. शके सतराशे त्रेचाळीस, संवत्सराचे नाव लिहिणाराचे ध्यानी राहिले नाही, ते साली श्रीमंत विश्वंभरराव महाराज गादीवर होते, आणि मुलूख सगळा गनिमांनी खाऊन राज्य म्हणोन उरली ती एक गच्ची, आणि तिजवर कुंड्यांतून वांग्यांची रोपे, तीच प्रजा. ऐसे असता गौरीच्या जेवणास व्याही रंगोपंत आले, आणि हात धुता धुता महाराजांच्या मातोश्रींस बोलिले की, "विहीणबाई, कुंडीत पान होते, वांगे होत नाही. चंपाषष्ठीस घरच्या वांग्याचे भरीत वाढाल तर भरल्या पंगतीत मुजरा करीन. नाही तर गच्ची आमच्या पापडांस द्यावी." महाराजांनी मिशीस हात लावून "कबूल!" म्हटले, आणि लागलीच कारभाऱ्यास हाक मारिली.

मग खताची मसलत बैसली. त्र्यंबक कारभारी यांनी अर्ज केला की, कुंडीतले शेणखत रोजचे पाणी धुवोन नेते, सबब हळूहळू लागू होणारे खत पाहिजे. हाडांचा चुरा सुचविला, त्यास मातोश्री आईसाहेब कडाडल्या, "हाडे खाल्लेले वांगे खंडोबाच्या नैवेद्यास? त्र्यंबका, जानवे घालतोस ना?" निंबोळी पेंड आणविली, तो वास ऐसा उठला की दोन भालदार रजेवर गेले. शेवटी मोहरीएवढे पिवळे दाणे आले. त्यास वरून कवच, पाणी पडेल तसे आतले खत पाझरावे, चंपाषष्ठीपावेतो पुरावे. महाराज संतापले. "पाझरते? व्याही पापड लाटीत बैसला आहे, आणि हे पाझरते?" आईसाहेबही वदल्या, "वेलदोडा तरी कुटल्यावाचून वास देतो का रे?" ते महाराजांस फार पटले. कारभारी "सरकार, कवच फुटले तर—" इतके म्हणेतो खलबत्ता आला, आणि महाराजांनी खासे बाह्या सारून दाणे कुटले, आणि पीठ मुठी मुठीने कुंड्यांस घातले, आणि शेवटी रोप लाविलेला एक गळका तेलाचा डबा राहिला तोच आईसाहेबांनी "माझी सुपारी राहिली" म्हणोन खलबत्ता ओढून नेला. महाराज कंटाळून बोलिले, "त्या डब्यास अख्खेच टाका. तो कुठे लढणार आहे!"

मग काय सांगावे! तीन महिन्यांचे खत एके दिवशी अंगावर आले. पानांच्या कडा करपल्या, माना पडल्या, आठवडा न लोटता सर्व फौज कामास आली. महाराज कुंड्यांमधून फिरत, आणि एकेका रोपास "तूही?" म्हणत. उभा राहिला तो एक गळका डबा. त्यास पुढे जांभळे फूल आले, आणि फुलाचे वांगे जाहले. महाराजांनी त्यास शिपाई दिला, शिपायास छत्री दिली, आणि आपण नित्य दुरून वांग्याची खुशाली पुसत.

चंपाषष्ठीस नैवेद्य जाहला. पंगत मोठी, भरीत वाटीभर. परीक्षक म्हणोन वाटी रंगोपंतांपुढे ठेविली. पंत घास घेवोन म्हणाले, "चव कळत नाही." पुन्हा घेतला. "अजून कळत नाही." महाराज त्या घासांकडे पाहात होते, जणू एकेक किल्ला जातो. वाटी रिकामी जाहली, आणि पंत बोटाने कड पुसू लागले, तेव्हा आईसाहेब म्हणाल्या, "व्याहीबुवा, चव नव्हती तर वाटी कोणी चाटली? खंडोबाने?" पंगत हसली. पंतांनी भरल्या तोंडानेच उठोन मुजरा केला. महाराजांनी भाकरी मिठाशी खाल्ली, आणि म्हणाले की इतके उत्तम भरीत जन्मात जेवलो नाही.

येणेप्रमाणे राज्य राहिले. डब्यास सरदारकी मिळाली. दाणे आता अख्खे पडतात, आणि खलबत्ता आईसाहेबांच्या कुलुपात आहे. महाराजांस वेलदोडा लागला तरी अर्ज करावा लागतो.