अर्ध्या शटरचा तह

॥ श्रीपेठेश्वर प्रसन्न ॥ काटा साक्ष, माप साक्ष, उंबऱ्यावरची हळद साक्ष. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, आश्विन वद्य अमावास्या, लक्ष्मीपूजन, ते दिवशी पेठेत जे वर्तले आणि वर्तण्यास जे कारण जाहले, ते जसेच्या तसे लिहिले असे. संवत्सराचे नाव शुभ, त्यात शुभ काय घडले ते वाचणाराने दिवा घेऊन शोधावे.

नदीकाठी एक राज्य होते. मुलूख म्हणावा तर एक सडक आणि दोहीं अंगांस दुकाने, गड म्हणावा तर नगरशेठ त्रिंबकशेठ यांची तिमजली कापडपेढी, आणि दरबार म्हणावा तर व्यापारी महासभा. महासभेत शेठ, सावकार, सराफ, किराणेवाले ऐसे भारी लोक गाद्यांवर बसोन एकमेकांस हार घालीत, आणि पुढील वर्षी तेच हार उलट घालीत. या राज्यात पूर्वापार एक रीत होती. महासभेचा सभासद निवर्तला म्हणजे त्याची तिरडी भर पेठेतून निघावी, आणि ती येताना दिसली की दुकानदारांनी शटर अर्धे खाली ओढावे, आणि आपण पायरीवर येऊन हात जोडून उभे राहावे, आणि तिरडी पुढे गेली की पायरीवर पाणी ओतून शटर वर करावे. जो सभासद नव्हे त्याने नदीच्या अंगाने, उकिरड्याच्या वाटेने, गुपचूप जावे. मेल्यावरही सडक ज्याची त्याची होती.

पेठेच्या तोंडाशी गोणपाट अंथरून बसणारी रयत होती. पणत्यावाल्या, गजरेवाल्या, चपला शिवणारे, पानवाला, चहावाला, आणि त्या सगळ्यांत ठकूबाई बुरूडीण. सुपे, रोवळ्या, टोपल्या विकी आणि ओळीवर हुकूम चालवी. जात करारी, तोंड धारेचे. कोणी सूप भाव पाडून मागितले तर म्हणे, "ठेव खाली, तुझ्या घरचं धान्य पाखडायला पत्रावळ पुरंल." तिचा दादला भिवाजी मात्र देवमाणूस. दोघांच्या वाटणीची बडबड तिने घेतली आणि दोघांच्या वाटणीचे गप्प राहणे त्याने घेतले, आणि संसार जाहला. बांबू चिरता चिरता त्याचा जन्म गेला. पेठेतील एकूणएक शेठाच्या तिरडीचा बांबू त्याच्या हातचा, सरळ, बिनगाठीचा, खांद्यास रुतू नये म्हणोन तासलेला. आणि प्रत्येक तिरडी निघाली तेव्हा भिवाजी कोयता खाली ठेवोन उठला आणि हात जोडोन उभा राहिला. त्रिंबकशेठांचे वडील गेले तेव्हा पाऊस कोसळत होता, भिवाजी भिजत उभा होता. ठकूबाई करवादली, पण तो तिरडी वळणावर दिसेनाशी होईतो बसला नाही.

मग ऐसे जाहले की वरिष्ठ सरकारातून हुकूम आला, सडक रुंद करणे, दुकानांचे ओटे कापणे. पेठेत आकांत जाहला. त्रिंबकशेठ मोटारीत बसोन जिल्ह्याच्या साहेबाकडे गेले आणि म्हणाले, आम्ही महासभा, अवघा बाजार आमचा. साहेबाने विचारिले, तुमच्या महासभेत बाजार किती? गाड्यावाले, पाटीवाले, जमिनीवर बसणारे त्यात आहेत का? नसतील तर तुम्ही बाजार कसे? अवघा बाजार घेऊन या, मग ओट्यांचे पाहू. शेठ उतरल्या तोंडाने परतले आणि खलबत जाहले की धाकट्या लोकांस सभासद करणे.

मग मोठी मोहीम मांडली. प्रथम स्नेहमेळावा केला. मंडप घातला, कर्णे लावले, पेढे आणिले, शहरातून वक्ता बोलाविला, आणि वेळ नेमिली आठवडे बाजाराच्या भर दुपारची. ज्यांच्यासाठी मंडप ते सगळे समोर सडकेवर विकत बसलेले, आणि वक्ता रिकाम्या खुर्च्यांस सांगे की एकीत बळ आहे. सुंद्राबाई कुंभारीण तेवढी उठोन गेली आणि पदरात पेढे घेऊन आली. दुसरे खेपेस पितळी बिल्ले वाटले. ते रयतेने गोणपाट वाऱ्याने उडू नये म्हणोन टोकांस टोचले. त्रिंबकशेठ संतापले, म्हणाले, या लोकांस मानाची चाड नाही.

तेव्हा महासभेचे चिटणीस चिंतोपंत एकटेच उठले आणि ठकूबाईच्या गोणपाटापाशी येऊन जमिनीवर बसले. पंत मनाचे भले, पण कणा वेताचा, कोणी दाबेल तिकडे वाके. ते म्हणाले, मावशी, आम्ही काय चुकतो ते सांगा. पेठ उभी राहिल्यापासून वरच्या पायरीचा माणूस खाली बसोन पुसायास पहिल्यानेच आला होता. ठकूबाई म्हणाली, आदी पाणी पी. मग म्हणाली, बायामाणसांस दिवसभर आडोसा नाही, पाण्याचा नळ नाही, तुमची सभा भरते आमच्या विक्रीच्या वक्तास, आणि तुमची पोरे आम्हांस अगं तुगं करतात. पंतांनी मान डोलाविली आणि म्हणाले की आडोसा, नळ हे हळूहळू होईल. ठकूबाईने ओळखिले की हळूहळू म्हणजे कधीच नाही.

त्या दिवसांत भिवाजीची छाती भरली होती. बांबूची कूस, बारीक कुसळांची धूळ, जन्मभर श्वासातून आत गेलेली, ती आता बाहेर येईना. तो घरी खाटेवर पडोन असे. ठकूबाई त्याचे पाय चेपता चेपता महासभेची टवाळी सांगत होती, तो भिवाजी भिंतीकडे पाहोन हळूच बोलिला, "आपल्या येळंला पडतील का गं शटरं?" जन्मात त्याने काही मागितले नव्हते. लुगडे तिचे, भांडी तिची, भांडण तिचे. ठकूबाईने त्यास दटाविले की असले अभद्र बोलू नकोस, आणि चुलीपाशी जाऊन पाठ करोन बसली, आणि धूर नसता डोळे पुसले.

दुसरे दिवशी तिने पंतांस बोलाविणे पाठविले आणि तह सांगितला. "नळ नको, आडोसा नको, पेढं तर नकोच. माझी सगळी ओळ तुमच्या सभेत आणते. पण आमच्यातलं कोण मेलं तर पेठंतनं न्यायचं आन् शटर पडलं पायजे. शेठाला पडतं तसं."

पंतांनी तो तह महासभेपुढे ठेविला. शेठ लोक हसले. म्हणाले, एवढेच? यास खर्च तो काय? आणि मंजूर केले. ठकूबाई ओळीत फिरली. कोणास समजाविले, कोणास शिव्या घातल्या, चहावाला कां कू करो लागला त्यास म्हणाली, जिवंतपणी तुला कोण विचारत नाही, मेल्यावर तरी विचारतील. आणि अवघी ओळ महासभेत गेली. त्रिंबकशेठांनी तिच्या गळ्यात हार घातला. ठकूबाईने तो घरी नेऊन भिवाजीच्या उशाशी ठेविला. तो हसला, मग खोकला.

परंतु शेठ लोकांच्या ध्यानी एक गोष्ट आली नव्हती. शेठ मरतो तो सावकाश, दवाखान्यातून, लेकरे परदेशातून येईतो थांबोन. रयत उन्हापावसात बसते ती पटापट मरते. त्या पावसाळ्यातच पानवाला गेला, मग चपला शिवणारा म्हातारा गेला, मग गजरेवालीची तरणी सून बाळंतपणात गेली. प्रत्येक वेळी शटर पडले, शेठ पायरीवर आले, हात जोडले, आणि जोडल्या हातांतून घड्याळ पाहिले. सुनेच्या वेळी आत गिऱ्हाईक साड्या उलगडून बसले होते. तेव्हापासोन त्रिंबकशेठांस तो तह सलू लागला. दसऱ्यानंतर पुन्हा खलबत जाहले आणि ठराव केला की सणासुदीस नव्या सभासदांनी नदीच्या वाटेने जावे. रयत बिथरू नये म्हणोन ऐसेही ठरविले की दिवाळीपुरते त्यांनी मोठ्या दुकानांच्या पुढ्यात, सावलीत, मोक्याचे जागी बसावे. जागेचे सर्वांस कळविले. वाटेचे कोणीच कळविले नाही. चिंतोपंत त्या खलबतात होते. तोंड उघडले, पाणी प्याले, आणि मिटले.

रयत हरखली. सुंद्राबाई कुंभारीण त्रिंबकशेठांच्या पायरीलगत पणत्या मांडोन बसली आणि म्हणाली, ठकूआक्का, तुज्यामुळं हे दिवस दिसले. ठकूबाईही मनी फुगली. तिने कोणास दाखविले नाही, पण फुगली.

मग लक्ष्मीपूजनाचे दिवशी सकाळी भिवाजी गेला. ठकूबाई पेजेची वाटी घेऊन आली तो त्याचे तोंड उघडे होते आणि छातीचा आवाज थांबला होता. तिने वाटी खाली ठेविली, त्याचे तोंड मिटविले, आणि थोरला लेक मारुती यास म्हणाली, बापाने बाजूस काढोन ठेवलेला बांबू आण. तिरडी घरच्यांनीच बांधली. खबर पेठेत गेली तसे चिंतोपंत धावत आले, उन्हाने नव्हे तर लाजेने घामेजलेले, आणि अंगणात उभे राहोन बोलिले, "मावशी, आजचा दिवस नदीच्या वाटेने न्या. महासभेचा ठराव आहे. उद्या चौकात मोठा फलक लावू, भिवाजीबाबांचा फोटो लावू."

ठकूबाई म्हणाली, "ठराव कधी जाला?"

पंत म्हणाले, "दसऱ्यानंतर."

"तू हुतास?"

"होतो."

"मग आता हितं कशाला आलास? तिथं बोलायचं हुतं. जा, तुज्या शेठाला सांग, भिवाजी बुरूड सडकंनं येतोय."

बायकांनी अंगणापर्यंतच यावे ऐसी रीत असता ठकूबाई तिरडीपुढे चालो लागली. कोणी अडविले नाही, अडविणाराचे दात पडले असते. पेठ माणसांनी फुलली होती, तोरणे लागली होती, झेंडूचे ढीग होते, आणि त्यामधून तिरडी आली. पहिले दुकान आले, शटर वर. दुसरे आले, वर. दुकानदार माना खाली घालोन पुड्या बांधीत राहिले. ठकूबाईने आपल्या ओळीकडे पाहिले. जिला तिने महासभेत नेले ती अवघी ओळ मोक्याच्या जागी बसली होती, आणि शटर नाही म्हणोन निदान माल तरी झाकावा, तर एकही गोणपाट झाकले गेले नव्हते. ती सुंद्राबाईपुढे थांबली. सुंद्राबाई पणत्यांवरून हात फिरवीत खालच्या मानेने बोलिली, "आक्का, वर्साचा सण गं. उठलं तर जागा जाती. शेठाच्या मानसानं सकाळीच सांगितलंया तसं." ठकूबाईने काही शिवी दिली नाही. सुंद्राबाईस ते शिवीहून वाईट लागले, परंतु ती उठली नाही.

मग ठकूबाई त्रिंबकशेठांच्या पेढीपुढे आली आणि मारुतीस म्हणाली, "विसावा हितं." तिरडी वाटेत एकदा टेकवावी, खांदे बदलावे, ही रीत आहे, पण ती जागा वेशीबाहेर. लक्ष्मीपूजनाचे दिवशी पेढीच्या दारात प्रेत टेकविणे म्हणजे लक्ष्मीच्या तोंडावर राख टाकणे. मारुती तिरडी खांद्यावरच धरोन राहिला. ती पुन्हा म्हणाली, आणि तिरडी टेकली. पायरीवरची गिऱ्हाइके मागे सरली. एकीने लेकरू उचलोन पदराआड घेतले. पेढीत जाणे बंद, येणे बंद, आणि शेजारच्या सराफाचेही तेच. त्रिंबकशेठ गादीवरोन उठले, दारापर्यंत आले, आणि त्यांनी भिवाजीचे तोंड पाहिले, आणि ठकूबाईचे पाहिले.

ठकूबाई म्हणाली, "शेठ, तुमच्या बापाला ह्येनं पावसात हात जोडलं हुतं."

 क्षणभर वाटले की शेठ पायरी उतरतील. मग आतून पुतण्या म्हणाला, काका, गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि शेठ मागे फिरले आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "शटर पाडा. पडलं की तह फिटला. गिऱ्हाईक मागच्या दाराने घ्या."

आणि शटर पडले. खडखड करीत कापडपेढीचे पडले, मग सराफाचे, मग किराण्याचे, आणि ते पाहोन सडकेच्या टोकापर्यंत दोहीं बाजूंची शटरे अर्ध्यावर आली. भिवाजीने मागितले होते तेच जाहले. ठकूबाई उभी राहोन पाहात होती. पायरीवर कोणी आले नाही. अर्ध्या शटरांच्या खालून आतले पाय दिसत होते, नव्या चपलांचे, पैंजणांचे, पाटावर उकिडवे बसलेले, आणि आतून आवाज येत होता, हा रंग दाखवा, तो नको, ह्याच्यात काठ मोठा आहे का. चिंतोपंत तेवढे चौकाच्या कोपऱ्यात हात जोडोन उभे होते. ठकूबाईने त्यांच्याकडे पाहिले नाही.

मारुती म्हणाला, आये, चल आता. ती म्हणाली, उचल. आणि तिरडी उचलली, आणि ती निघाली, आणि मागे एकेक शटर वर जाऊ लागले. वळणापर्यंत ठकूबाईने मागे वळोन पाहिले नाही, पण आवाज कानी येतच होता.

येणेप्रमाणे पेठेचे वर्तमान. पुढे त्रिंबकशेठ जिल्ह्यास गेले, अवघा बाजार आमचे सभेत आहे हे सिद्ध करोन आले, आणि ओटे वाचले. सभासद वाढले, हार वाढले. ठकूबाई पुन्हा ओळीत बसली नाही, तिची जागा सुंद्राबाईच्या लेकीने घेतली. महासभेस माणसे हवी होती ती मिळाली, भिवाजीस शटर पडायला हवे होते ते पडले, आणि तहातले एक अक्षर मोडले नाही. बाहेर येऊन उभे राहावे हे तेवढे तहात सांगायचे राहिले होते. ते सांगावे लागते हे ठकूबाईस ठाऊक नव्हते.