भेकरीला पिक्चर पाहून रडू आलं नाही

एका जंगलात, बाळांनो, सगळं अगदी जंगलासारखंच होतं. झाडं होती, वाघोबा महाराज होते, एक पाणवठा होता आणि मोठ्या गुहेत एक सिनेमा थिएटरही होतं. जंगलात सिनेमा कसा, असं विचारू नका. गोष्टीत ससा बोलतो तेव्हा नाही विचारत तुम्ही.

तर त्या जंगलात तांबी नावाची एक भेकरी राहायची. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. भारी भित्रं. तांबीच्या नवऱ्याचं नाव हरबा. त्यांना एकच पोर होती, पिली.

एका उन्हाळ्यात भर दुपारी तिघं पाण्यावर गेली. नेहमीची मंडळी तिथे होतीच. शेजारचा धोंडू खोकडही बायकोला घेऊन आला होता. खोकड म्हणजे कोल्ह्याचा गरीब चुलतभाऊ. बोरं, टोळ, झालाच तर एखादा उंदीर, एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

अचानक खिंडीपलीकडून कोळसुंदे आले. कोळसुंदे म्हणजे रानकुत्री. पण ते भुकेपोटी आले नव्हते. ज्यांना मारलं त्यांना तिथेच टाकून गेले. ह्या जंगलाने पाणी पितानासुद्धा घाबरावं, एवढंच त्यांच्या म्होरक्याला हवं होतं.

त्यांनी कोणाला जात विचारली नाही. हरबा गेला. धोंडूची बायको गेली. तांबी कुठे पळाली ते तिचं तिलाही कळलं नाही. पिली मात्र जागच्या जागी थिजून उभी होती. धोंडूने तिची तंगडी तोंडात धरली, तिला ओढत आपल्या बिळात नेलं आणि बिळाच्या तोंडाशी आडवा पडून राहिला. त्यात त्याचा एक कान गेला.

मग वाघोबा महाराज येऊन गेले. "कोणाचीही गय केली जाणार नाही," म्हणाले. सगळे स्तब्ध उभे राहिले. एक टिटवी तेवढी गप्प राहिली नाही.

दिवस गेले. जंगल पुन्हा पाणी प्यायला लागलं. धोंडू अधूनमधून तांबीकडे येऊन बसायचा. दोघं फारसं बोलायची नाहीत. दोघांनाही माहीत असलेलं बोलायचं कशाला? पिलीसाठी तो बोरं आणायचा.

पिली मोठी झाली, आणि एक दिवस लांबशेपटे आले. हे जातीने वानर, धंद्याने दिग्दर्शक. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात मफलर. उन्हाळ्यातसुद्धा.

"वहिनी," ते म्हणाले, "मला हरबांवर पिक्चर काढायचाय. सगळं खरं दाखवायचं. तुम्ही फक्त बोला."

तांबीला बरं वाटलं. इतक्या वर्षांत हरबाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

"त्यांचे शेवटचे शब्द काय होते?"

तांबीला आठवायची गरज नव्हती. "म्हणाले, इथे गाळ आहे, जरा वर जाऊन पी."

लांबशेपटे जरा पुढे सरकले. "आणि?"

"आणि काही नाही. मग ते आलेच."

"जंगलाबद्दल काही? मातीबद्दल?"

"गाळाबद्दल बोलले."

"बरं, ते आम्ही बघू. पिली कशी वाचली?"

"धोंडूभाऊजींनी बिळात ओढली."

"खोकडाने?" लांबशेपट्यांनी चष्मा काढला. "तिथे जरा घोटाळा होतो वहिनी. खोकडाची शेपूट झुपकेदार, कोळसुंद्याची शेपूट झुपकेदार. प्रेक्षकाला कळायचं कसं, टाळी कुठे वाजवायची?"

"पण तसंच झालं होतं."

"झालं असेल. आपला पिक्चर सत्य घटनेवर आधारलेला आहे. आधार भक्कम असला की वर काहीही बांधता येतं."

त्यांनी नमस्कार केला आणि शेपूट सावरत निघून गेले.

पिक्चर आला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला पाणवठ्याच्या मंडळींना खास बोलावलं होतं. तांबीला पुढच्या रांगेत बसवलं. एका बाजूला पिली, दुसऱ्या बाजूला धोंडू. तो अंग चाटून, नीटनेटका होऊन आला होता. "बायकोपण असेल का हो त्यात?" त्याने हळूच विचारलं. तांबी म्हणाली, "असेल की."

दिवे गेले. पडद्यावर हरबा आला. तो एक देखणा चितळ होता. अंगावरचे ठिपके चिखलाने झाकले होते. खऱ्या हरबाची शिंगं बोटभर. ह्याच्या शिंगांवर धुणं वाळत घालता आलं असतं. तांबीचं काम करणारी चितळीण पहिल्याच गाण्यात तीन वेळा भिजली.

मग खिंड दिसली. खिंडीत एक खोकड उभा होता. तो कोळसुंद्यांना वाट दाखवत होता.

तांबीने धोंडूकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता. त्याचा एक उरलेला कान खाली गेला होता.

कोळसुंदे धावून आले, तेव्हा अख्खी गुहा शहारली. बायकांनी डोळे झाकले. तांबी उठून उभी राहिली. का उठली, तिला कळलं नाही. पिली शेजारीच बसलेली असताना ती पिलीला शोधत होती.

"बाई, खाली बसा," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हाला दिसत नाही."

ती बसली. पडद्यावर हरबाने शिंगांनी कोळसुंदे उडवले. मरताना त्याने मूठभर माती कपाळाला लावली आणि म्हणाला, "हा पाणवठा माझ्या रक्ताने गोड होईल." गुहेत हुंदके आणि शिट्ट्या एकदमच ऐकू आल्या. पिलीही रडत होती. धोंडूची बायको पिक्चरमध्ये कुठेच नव्हती.

बाहेर बातमीवाले पोपट वाट बघत होते. एकाने तांबीला गाठलं. "कसं वाटलं? रडू आवरलं नसेल ना?"

"नाही आलं रडू," तांबी म्हणाली.

पोपट चपापला. "का बरं?"

"ते तसं नव्हतं."

गर्दीतून गेनू रानडुक्कर पुढे आला. त्याचं घर पाणवठ्यापासून लांब, दोन टेकड्या ओलांडून होतं. डोळे रडून लाल झाले होते. "वहिनी, मी कालचा खेळही पाहिलाय, आजचाही पाहिला. ते अगदी तसंच होतं."

"तुम्ही होता का तिथे?"

"दोन्ही वेळा," गेनू म्हणाला.

एवढ्यात त्याची नजर धोंडूकडे गेली. आधी नजर शेपटीवर गेली, मग बाकीच्या धोंडूवर. "हा बघा," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. गर्दी सरकली. धोंडूच्या भोवती हळूहळू कडं झालं.

तांबी मध्ये जाऊन उभी राहिली. जन्मात ती कधी कोणाच्या मध्ये उभी राहिली नव्हती. "ह्यांनी माझी पोर वाचवली. ह्यांची बायको तिथेच गेली. हा कान बघा ह्यांचा."

"वहिनी," गेनू मायेने म्हणाला, "तुम्ही अजून धक्क्यात आहात. पिक्चरमध्ये स्पष्ट दाखवलंय."

"पिली, तू सांग."

सगळे पिलीकडे वळले. "आईने सांगितलेलं नको," गेनू म्हणाला. "तुला स्वतःला काय आठवतं ते सांग, बाळ."

पिलीने डोळे मिटले. त्या दिवशी ती फार लहान होती. आणि नुकतीच ती गुहेतून बाहेर आली होती. "अंधार होता," ती म्हणाली. "कोणीतरी माझा पाय ओढत होतं. आणि... एक शेपूट होती. झुपकेदार."

गर्दी हूं म्हणाली.

पिलीला काहीतरी चुकलं हे कळलं, पण काय ते कळेना. धोंडूने तिच्याकडे पाहिलं. "असू दे गं," तो म्हणाला. "वहिनी, पोरीला रागावू नका. लहान होती ती."

पहिला दगड कोणी मारला ते कोणी पाहिलं नाही. मग पुष्कळ आले. धोंडू पळाला. जंगलाकडची वाट अडवलेली होती, मोकळी होती ती फक्त खिंड. तो खिंडीतून पलीकडे गेला.

"बघा," गेनू म्हणाला, "तिकडेच गेला. म्हणजे तिकडचाच."

खिंडीपलीकडे कोळसुंदे होते. एकट्या खोकडाचं तिथे काय झालं असेल, हे तुम्हाला सांगायला नको. सांगितलं तरी त्यावर पिक्चर निघणार नाही.

पिक्चर खूप चालला. पाणवठ्यावर कार्यक्रम झाला. हरबाची पत्नी म्हणून त्या चितळिणीचा सत्कार झाला, कारण तिला रडता येत होतं. हरबाच्या तसबिरीत चितळ होता. तांबी लोकांच्या मागे उभी राहून टाळ्या ऐकत होती. तिला बोलावणं नव्हतंच. लांबशेपटे भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुमचा प्रतिसाद जरा थंड पडला."

पिली त्या दिवसापासून गप्प होती. धोंडूच्या बिळापाशी जाऊन बसायची. एका संध्याकाळी ती आईजवळ आली. "आई, बाबा दिसायला कसे होते?"

तांबीने डोळे मिटले. समोर मोठ्या शिंगांचा, चिखल माखलेला चितळ येऊन उभा राहिला. मागे बासरी वाजत होती. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आला. मेलेला हरबा इतकी वर्षं तिच्याजवळ होता, आणि आता त्याची जागा दुसऱ्याच कोणीतरी घेतली होती.

तिने डोळे उघडले आणि पिलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कपाळ तुझ्यासारखं," ती सावकाश म्हणाली. "असंच अरुंद. डावीकडे मान तिरकी करायची खोड. घाबरट होते. पानाचा आवाज झाला तरी दचकायचे."

"घाबरट?" पिली म्हणाली.

"खूप."

पिली आईला टेकून बसली. "अजून सांग."

आणि त्या वेळी तांबीला रडू आलं. बघायला पिलीशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे ते वाया गेलं.

तात्पर्य: बाळांनो, जो तिथे होता त्याच्या सांगण्यावर कधी जाऊ नये. त्याने प्रसंग जीव मुठीत धरून, पळता पळता, एकाच बाजूने पाहिलेला असतो. ज्याने तो गार गुहेत बसून, खारे दाणे खात, पुन्हा पुन्हा पाहिला, त्यालाच तो पुरता कळतो. आणि ज्यांना शेपूट आहे, त्यांनी पिक्चरला जाताना ती घरी ठेवून जावं.