कौटुंबिक शर्यत नियामक मंडळ

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांच्या घरात चार माणसं राहत आणि जेवणाच्या टेबलावर एकत्र येऊन आपापल्या मोबाइलशी बोलत. कुटुंबाला एक सामायिक छंद हवा, असं निरीक्षकांनी कार्यालयातल्या व्याख्यानात ऐकलं. व्याख्यानात ऐकलेलं अमलात आणणारे ते खात्यातले पहिलेच गृहस्थ. म्हणून पुढचं सगळं घडलं.

त्यांनी स्लॉट कारचा संच आणला. दिवाणखान्यात काळा रस्ता मांडला. रस्त्याला खाच, खाचेत वीज, आणि हातातला खटका दाबावा तशी बोटाएवढी गाडी पळणार. वळणावर जास्त दाबला की गाडी उडून थेट सोफ्याखाली.

पहिल्याच संध्याकाळी घर डोक्यावर घेतलं गेलं. लेक किंचाळत होती, बायको डोळे पुसत हसत होती. आणि निरीक्षकांची आई, जी गुडघे धरल्यापासून सगळ्याला नुसतं "हं" म्हणायची, तिने खटका हातात घेतला आणि सगळ्यांना धूळ चारली.

"आई, तुम्ही कुठे शिकलात हे?" सुनेने विचारलं.

"शिकायचंय काय त्यात? वळणावर दम धरायचा, सरळ रस्त्यावर दयामाया करायची नाही."

निरीक्षक शेवटचे आले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि त्यांना शंका येऊ लागली. दुकानदारांच्या काट्यात खोट शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या बोटात खोट सापडणं अवघडच. त्यांनी गाड्या तोलल्या. आईची लाल गाडी केसभर हलकी भरली.

"हे अनवधानाने झालं असेल," ते गंभीरपणे म्हणाले, "पण चौकशी व्हायला हवी."

सख्ख्या आईची चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून ते तिला 'लाल गाडीच्या चालक' म्हणू लागले. चौकशीअंती लाल गाडीवर मातीचा गोळा चिकटवण्यात आला. लाल गाडी गोळ्यासकट जिंकली. तेव्हा चालकाच्या गुडघ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला.

"अरे, गाडी बोटाने चालते!" आई म्हणाली.

"खरं आहे. पण उत्साहाच्या भरात तुम्ही उठून उभ्या राहण्याची शक्यता नाकारता येत नाही."

जन्मदात्री आईला त्यांनी प्रथमच 'तुम्ही' म्हटलं. गुडघे तपासायला आलेले डॉक्टर मंडळाचे वैद्यकीय सल्लागार होऊन परतले. मंडळ आहे हे घरच्यांना तेव्हा कळलं.

मग सुरक्षेचं काम हाती आलं. गाड्या वळणावर उडतात, म्हणून वळणं काढली. सरळ रस्त्यावर त्या भिंतीवर आपटू लागल्या, म्हणून वेगाला मर्यादा घातली. ठरवून दिलेल्या वेगात गाडी जागची हलेना. अपघात शून्यावर आले.

"अहो, दूध उतू चाललंय, मला पलीकडे जाऊ द्या!" बायको रस्त्याच्या अलीकडून ओरडली.

"शर्यतीच्या काळात रस्ता ओलांडता येत नाही."

"कसली शर्यत? गाड्या तर कपाटात आहेत!"

"गाड्या स्थगित आहेत. शर्यत स्थगित केलेली नाही."

दूध उतू गेलं. लेक पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

शेजारी बघायला येऊ लागले. जिन्यात पोट धरधरून हसायचे, आत येऊन मान डोलवायचे आणि निघताना निरीक्षकांना बाजूला घेऊन विचारायचे, "आमच्यासाठी काही बघा ना." गाडी एकानेही मागितली नाही. वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका शिस्तपालन बघू लागल्या, समोरचे विमा एजंट स्वागताध्यक्ष झाले.

एका संध्याकाळी बैठक भरली असताना आई भिंत धरत धरत बाहेर आली. खाली बसता येत नव्हतं, तरी बसली. खटका उचलून दाबला. काहीच हललं नाही.

"चालू कर रे एकदा," ती म्हणाली. "एकच फेरी. मग नाही मागणार."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाही कोणीच म्हणालं नाही. तेवढं निर्दय तिथे कोणी नव्हतं. विषय अत्यंत आस्थेने उपसमितीकडे सोपवण्यात आला.

"माझ्याकडून हरायची एवढी भीती वाटते होय रे तुला?" आईने विचारलं.

"भावना पोहोचल्या," स्वागताध्यक्ष म्हणाले.

सुनेने तिला हात देऊन उठवलं आणि खोलीत नेलं. त्यानंतर ती पुन्हा "हं" म्हणू लागली.

वर्षअखेरीस सोहळा झाला. एकही अपघात न झाल्याबद्दल मंडळाने स्वतःला चषक दिला. छंदामुळे कुटुंब कसं एकत्र आलं, यावर निरीक्षक भरभरून बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरचं माणूस त्यात एकही नव्हतं.

मंडळात आता प्रेक्षक-प्रतिनिधीचं पद तेवढं रिकामं होतं. अट साधी होती: म्हातारीचा खटका काढून घेतला जात असताना उमेदवाराला जागेवरून न उठता हसता यावं. वाचकहो, तुम्ही इथवर छान हसत आलात. आपली निवड बिनविरोध झाली आहे. अभिनंदन.