सूचना करणारी : पेरिना, विस बेट

माझ्या थोरल्याला, याक्शाला, लिहिता येत नाही अशी मी तीन वर्षं स्वतःची समजूत घालत होते. डब्लिनला गेल्यापासून ईस्टरला दोन ओळी, नाताळला दोन ओळी. 'बरा आहे. काम फार.' याहून जास्त मजकूर माझ्या औषधाच्या बाटलीवर असतो.

उन्हाळ्यात मी घरातल्या खोल्या पाहुण्यांना देते. त्यांचे ई-मेल माझी भाची दिंका बघते. जूनमधल्या एका सकाळी मी अंगणात माशांचे खवले काढत होते, तेवढ्यात ती धावत आली.

"मावशी, चाळीस पत्रं आलीत!"

"कोण येतंय? अख्खं वऱ्हाड?"

"पाहुणे नाहीत गं. याक्शाच्या कामातली माणसं आहेत. सगळी भांडतायत, आणि त्यात तुझं नाव!"

याक्शा कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्याचं काम करतो. डब्लिनला जायच्या आधी एकदा गच्चीवर बसून त्यानं मला समजावलं होतं. कॉम्प्युटर आपल्या स्मृतीची पानं सारखी इकडची तिकडे हलवतो, म्हणजे मोठी सलग जागा मोकळी होते. पण एखादा प्रोग्राम पान खिळवून ठेवतो, की हलवू नका, माझं यावर काम चालू आहे. थोडा वेळ असेल तर चालतं. बराच काळ खिळवायचं असेल, तर ते आधी मागच्या बाजूला नेतात आणि मग खिळवतात. रडगाणं एवढंच, की काही जण 'दोनच मिनिटं' म्हणतात आणि महिनोन्महिने पुढची जागा अडवून बसतात.

"मग बोलण्यावर कशाला जाता? सामान बघा," मी म्हटलं होतं. "दोन रात्री सांगून जो स्वतःची उशी आणि कॉफीचं भांडं घेऊन येतो, त्याला मी पहिल्याच दिवशी मागची खोली देते."

तेव्हा हसला. आता तेच त्यानं कॉम्प्युटरच्या भाषेत उतरवून, दुरुस्ती म्हणून कामातल्या जगभरच्या मंडळींना तपासायला पाठवलं, आणि खाली त्यांच्या रिवाजाप्रमाणे लिहिलं, 'सूचना करणारी : पेरिना'. नावापुढे पत्ता लागतोच, म्हणून आमच्या खोल्यांचा ई-मेल ठोकून दिला. पाठवणारं यंत्र भलतं इमानी. खाली ज्याचं नाव, त्याला आपोआप प्रत. उत्तर देणाराही सगळ्यांनाच देतो. एवढा शिकलेला मुलगा, नेमकं हेच विसरला.

त्या ढिगाऱ्यात व्हिएन्नाच्या एका जोडप्याचं पत्र गाडलं गेलं. ती दोघं थेट दारात. घर भरलेलं. शेवटी त्यांना याक्शाची खोली द्यावी लागली. तीन उन्हाळे ती मी कुणाला दिली नव्हती.

"ही पत्रं बंदच करून टाकते," दिंका म्हणाली.

"हात लावून तर बघ! वाच सगळी. त्याची आधी."

काय लिहितो म्हणून सांगू! पानंच्या पानं. 'तुमचं म्हणणं पटलं, वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.' नॉर्वेच्या एकाला तर 'सर्दीमुळे उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.' माझ्या मुलाला सर्दी झाली, ते आधी नॉर्वेला कळलं! तरी रोज सकाळी कॉफी ठेवली की मी विचारायची, "आज काय लिहिलंय गं?"

नॉर्वेचा तो माणूस म्हणजे हाल्वोर. कोणती दुरुस्ती आत घ्यायची ते तो ठरवतो. बुधवारी त्यानं विचारलं, "या पेरिना कोण? नाव घालायला त्यांची परवानगी घेतलीत का?" तसा त्यांचा नियमच आहे म्हणे. त्याच दुपारी फोन वाजला.

"आई, एक ओळ पाठव. 'माझी हरकत नाही.' बस्स."

"माझी हरकत आहे."

"आई! रविवारी दुरुस्त्या घ्यायचं त्यांचं दार बंद होईल!"

"माझं उघडंच आहे. येऊन विचार."

"एका ओळीसाठी डब्लिनहून येऊ?"

"चार ओळींत माझं वर्ष काढतोस. माझी एक ओळ तुला घरपोच हवी?"

फोन ठेवला आणि मोठी शूर झाले. गुरुवारी दिंकानं हाल्वोरचं पत्र वाचलं. "सोपं आहे. नाव काढून टाका, दुरुस्ती आजच घेतो."

झालं! आपल्याच हट्टानं मी त्याच्या कागदावरूनही उतरले. शुक्रवारी याक्शाचं एक अक्षर नाही. दिंका दर तासाला बघायची आणि माझ्याकडे न बघता मान हलवायची. मी त्या व्हिएन्नावालीचं अंथरूण दोनदा घातलं. ती बिचारी घाबरून समुद्रावर निघून गेली.

शनिवारी दुपारची बोट लागली. थोड्या वेळानं दारात याक्शा. वाळलेला, नाक लाल, पाठीवर पिशवी. मी काही बोलायच्या आत दिंका आतून ओरडत आली, "मावशी, गुरुवारी रात्रीच उत्तर दिलंय त्यानं! मी नवीनच पत्रं बघत होते, हे जुन्या ढिगाऱ्यात राहिलं! ऐक... 'नाव राहील. यावेळी दुरुस्ती हुकली तरी चालेल. परवानगी आणायला घरी निघालोय.'"

याक्शाचे कानसुद्धा लाल झाले.

"आता तरी सांग, आई," तो पायरीवरूनच म्हणाला. "आहे ना परवानगी?"

मी हात एप्रनला पुसले आणि त्याच्या पाठीवरची पिशवी ओढून घेतली.

"आईचं नाव लावायला परवानगी लागत नाही रे, गाढवा. तीन वर्षं न येता राहायला लागते, आणि ती मी दिलेली नव्हती."