मल्हाररावांचा लाल बंपर

आमच्या गल्लीत सकाळी सर्वांत आधी मल्हाररावांची गाडी वेष्टी नेसायची. पुढच्या बंपरला एक जुनी धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, मागच्याला दुसरी, चारी टोकं घट्ट खोचलेली. स्वतः मल्हारराव तोवर लुंगीवरच असत.

तंजावूरच्या राजवाड्यामागे मराठी बोलणारी आमची आठ-दहा घरं. मल्हाररावांचं घर माझ्या शेजारी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. नव्या नव्या गाड्या तेव्हा नुकत्याच दिसू लागल्या होत्या, लोखंडी बंपर जाऊन प्लास्टिकचे आले होते. गाडी पांढरी, पण आठवड्याच्या आत मामांनी दोन्ही बंपर लालभडक रंगवून घेतले. कारण विचारलं की म्हणायचे, "लाल म्हणजे लाल. सरि? ठीक?"

दोन उन्हाळ्यांत तो लाल आधी गुलाबी झाला, मग पांढरट, आणि मग त्याचे पापुद्रे सुटू लागले. वेष्ट्या तेव्हापासूनच्या. पण झाकल्यानं उडालेला रंग परत येत नाही, म्हणून मामांनी तिळाचं तेल चोळलं. दोन दिवस बंपर झळकला. तिसऱ्या दिवशी देवळाकडची एक गाय येऊन तो नंबरप्लेटपर्यंत चाटून गेली. मामा तिच्यावर रागावले नाहीत.

"तिनं प्रयोग केला. निकाल आला. तेल नको," ते म्हणाले.

मेकॅनिकनं सुचवलं, "काळा मारा, सार. ऊन काही करणार नाही." मामा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मग त्यांनी गल्लीतले फुटके मग आणि बादल्या गोळा केल्या. त्यांचे तुकडे कापले, प्रत्येकावर रंगाखालचं वेगळं अस्तर, म्हणजे प्रायमर, आणि वेगळा लाल लावला, मागे चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सगळे गच्चीवर उन्हात मांडले. रोज दुपारी डोक्यावर ओला पंचा टाकून ते तुकडे वाकवून बघायचे. दोन महिन्यांनी निकाल आला.

"प्लास्टिक वाकतं, लोखंड वाकत नाही. त्या पेंटरनं लोखंडाचं अस्तर लावलं. रंग धरणार कसा?"

प्लास्टिकचं अस्तर आणायला ते बसनं त्रिचीला गेले. एकेक बंपर सोडवून ओट्यावर दोन स्टुलांवर ठेवला. तेलाचा अंश जावा म्हणून तीनदा साबणानं धुतला, पाणी लावत बारीक पॉलिश पेपरनं घासला. अस्तर, त्यावर रंगाचे तीन पातळ हात, वर चकाकीचा थर. तेवढे दिवस गल्लीत झाडू मारायला बंदी होती. "झाडू नको, पा. असकी धूळ, सगळी, एथच बसते," असं ते प्रत्येकाला हात जोडून सांगायचे, आणि बायका निमूट ओल्या फडक्यानं अंगण पुसायच्या.

बंपर असा झाला की त्यात बघून मिशी कातरावी. पाहुणे आले की आम्ही आधी राजवाडा दाखवायचो, मग मामांचा बंपर. पुढचा उन्हाळा गेला तरी रंग जागचा हलला नाही. अख्ख्या गावात असं काम कोणी केलं नव्हतं, हे माझं ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं.

एका संध्याकाळी तिरुवैयारुला माझं काम होतं. मामाही तिकडेच निघाले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, तिथं आठवड्यातून दोनदा गाणं शिकवायच्या. सकाळी बसनं कोणाच्या तरी सोबतीनं जायच्या आणि मामा त्यांना आणायला जायचे. आम्ही पोचलो तेव्हा शिकवणी चालू होती. शेजारी कोणाचं लग्न होतं, रस्त्याकडेला पाच-सहा पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. मामांनी आपली रांगेच्या टोकाला लावली. पाऊण तासानं आक्का दारात दिसल्या, तसा मी त्यांना हाक मारायला उतरू लागलो. मामांनी माझं मनगट धरलं.

"बस. उतरू नको."

"अंधारायला आलंय, मामा. त्यांना गाडी दिसणार नाही."

"गाडी घेतली त्याच्या आधीपासून तिला नीट दिसतच नाही," मामा समोर बघत म्हणाले. "माणसं, अक्षरं, सगळं पुसट. लाल तेवढा लांबून कळतो. तो उडाला तेव्हा ही परक्याच्याच गाडीत जाऊन बसली. शिष्यांच्या देखत. घरी येऊन म्हणाली, शिकवणं पुरे."

"मग तुम्ही जाऊन हात धरून आणा ना."

"तेच तिला नको आहे. कोणाला कळायला नको आहे. तूही बोलू नको."

आक्का पायऱ्या उतरल्या. दोन मुली नमस्कार करून गेल्या. आक्का क्षणभर थांबल्या, रांगेवरून नजर फिरवली आणि तीन पांढऱ्या गाड्या मागे टाकून सरळ आमच्याकडे चालत आल्या. पाठ ताठ, पदर खांद्यावर, चाल शिकवणाऱ्या बाईंची. दार उघडून बसल्या.

"फार वेळ थांबलात का?"

"नाही," मामा म्हणाले, "आत्ता येतोय."

कावेरीच्या पुलावरून जाताना आक्का एका शिष्येबद्दल बोलत राहिल्या. आज पहिल्यांदा तिचा सूर बरोबर लागला होता. मामा गाडी चालवत होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.